'विविध मागण्यांसाठी'

पोस्ट मोठी आहे आणि विषय लांबचा आहे, थेट लॉस एंजेलिसचा. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

आधी एक कबुली. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय, त्यात विद्यार्थ्यांचे मोर्चे किती कव्हर केले याची मोजदाद नाही. बातमी कशी लिहिली जाते ते सांगतो. पहिल्या ओळीत 'घोषणांनी परिसर दणाणून सोडला'. दुसऱ्या ओळीत 'वाहतूक काही काळ विस्कळीत'. मग कोण कोण उपस्थित होतं त्यांची नावं, कारण नाव राहिलं तर संध्याकाळी फोन येतो. आणि मुलं नेमकं काय मागत होती? तर 'विविध मागण्यांसाठी'. बस, दोन शब्द. निवेदनाची प्रत टेबलावर पडलेली असते, जागा संपलेली असते. मीही हे केलंय. अनेकदा केलंय.

हे आठवायचं कारण म्हणजे १९६८ च्या मार्चमध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये झालेलं शाळकरी मुलांचं आंदोलन. गेले काही दिवस त्यावर वाचत होतो. आता त्या आंदोलनाचे स्मृतिदिन साजरे होतात, भाषणं होतात. २००६ मध्ये त्यावर 'वॉकआउट' नावाचा टीव्ही चित्रपट आला. ज्या शिक्षकाला तेव्हा अटक झाली, त्याच्या नावाची शाळा त्याच शहरात आहे. सगळं छान आहे. पण त्या मुलांच्या 'विविध मागण्या' काय होत्या, हे वाचायला बसलो आणि उठता येईना.

थोडी पार्श्वभूमी सांगतो.

कॅलिफोर्निया पूर्वी मेक्सिकोचा भाग होता. युद्ध झालं आणि १८४८ च्या तहात तो आणि आसपासचा मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला. म्हणजे काही मेक्सिकन कुटुंबं अमेरिकेत आलीच नव्हती, सीमारेषाच त्यांच्या अंगावरून पुढे सरकली. नंतरही शेतमजुरीसाठी, रेल्वेच्या कामासाठी माणसं येत राहिली. त्यांच्या मुलांसाठी अनेक गावांत वेगळ्या शाळा होत्या. मेंडेझ खटल्यात १९४७ मध्ये कोर्टाने असं वेगळं बसवणं बेकायदा ठरवलं. कागदावर भेदभाव संपला. वस्ती मात्र तीच राहिली, शाळा त्याच राहिल्या आणि शिकवणाऱ्यांची नजरही तीच राहिली.

'चिकानो' हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जायचा. साठच्या दशकातल्या तरुणांनी तो उचलला आणि छाती पुढे काढून स्वतःला लावला. त्याच काळात तिथे 'ब्राउन बेरे' ही तरुणांची संघटना उभी राहिली, तिच्यासमोर नमुना होता ब्लॅक पँथरचा. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तीही त्याच ब्लॅक पँथरकडे बघून. एका विस्तवावरून दोन चुली पेटल्या म्हणायच्या.

तर १९६८. गारफिल्ड, रुझवेल्ट, लिंकन, विल्सन, बेलमाँट ही त्या भागातली सरकारी हायस्कुलं. यातल्या काही शाळांत निम्म्याच्या आसपास मुलं शिक्षण पुरं करण्याआधीच गळत होती. वर्गात स्पॅनिश बोललं तर शिक्षा, काही ठिकाणी फळीने मार. मुलगा हुशार असला तरी समुपदेशक त्याला गॅरेजकामाच्या नाहीतर सुतारकामाच्या वर्गाकडे वळवणार. मुलगी असेल तर टायपिंग, शिवण, स्वयंपाक. कॉलेज हा शब्दच त्यांच्यासमोर काढायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत स्वच्छतागृहांना कुलूप. शिक्षा म्हणून वर्ग बुडवून आवारातला कचरा वेचायचा.

लिंकन शाळेत साल कॅस्ट्रो नावाचे समाजशास्त्राचे शिक्षक होते. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेले. लहानपणी काही काळ मेक्सिकोत शिकले आणि परत आल्यावर इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात कोपऱ्यात बसवले गेले. तो कोपरा ते विसरले नाहीत. १९६३ पासून मालिबूजवळच्या एका शिबिरस्थळी मेक्सिकन अमेरिकन मुलांसाठी शिबिरं भरत होती, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. निरनिराळ्या शाळांतली मुलं तिथे पहिल्यांदा एकत्र बसली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या शाळेत जे चालतं तेच सगळीकडे चालतं. तोवर प्रत्येकाला वाटत होतं, आपणच ढ आहोत.

मुलांनी आधी रीतसर मार्ग धरले. पाहणी केली, प्रश्नावल्या भरून घेतल्या, शाळा बोर्डाकडे गाऱ्हाणी मांडली. काही हललं नाही.

ठिणगी पडली ती मात्र भलत्याच गोष्टीवरून. १ मार्चला विल्सन शाळेत मुलांनी बसवलेलं नाटक मुख्याध्यापकांनी रद्द केलं आणि तीनशेच्या आसपास मुलं बाहेर पडली. ५ मार्चला गारफिल्ड. मग लिंकन, रुझवेल्ट, बेलमाँट. आठवडाभरात आकडा हजारांत गेला. अंदाज दहा हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत आहेत. रुझवेल्टजवळ पोलिसांच्या लाठ्या पोरांच्या अंगावर पडल्या.

इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. कॅलिफोर्नियात शाळांना मिळणारा सरकारी पैसा मुलांच्या रोजच्या सरासरी हजेरीवर ठरतो. मूल वर्गात नाही म्हणजे शाळेच्या खात्यात तेवढे पैसे कमी. आपल्याकडे पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, तेव्हा हे गणित कुणाला समजावून सांगायला नको. जी मुलं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, त्यांनी स्वतःची गैरहजेरीच बोर्डाच्या हिशेबात मांडली.

तेव्हाही आक्षेप आलेच. बाहेरच्या लोकांनी चिथावलं. कम्युनिस्टांचा हात आहे. मुलांचं शैक्षणिक नुकसान होतंय. यातला शेवटचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मी स्वतः बाप आहे, पोरगं वर्ग सोडून रस्त्यावर आलं तर पोटात गोळा येईलच. तिथल्या आईबापांच्याही आला होता. पण जिथे निम्मी मुलं तशीही शाळा सोडून जात होती, एकेकटी, मुकाट्याने, कुठेही बातमी न होता, तिथे नुकसान त्या आठवड्यात सुरू झालं असं कसं म्हणायचं? रोज बाहेर पडणारी मुलं त्या आठवड्यात एकत्र बाहेर पडली, इतकाच फरक. आणि हे आईबापांनाही कळलं. मारहाणीनंतर पालक, कार्यकर्ते, पाद्री यांची समिती उभी राहिली आणि तिने मुलांच्या वतीने बोर्डापुढे यादी ठेवली.

आता ती यादी. कुणी ३६ मागण्या मोजतात, कुणी ३९. मी त्यातल्या काही माझ्या शब्दांत सांगतो.

इंग्रजीबरोबर स्पॅनिशमधूनही शिक्षण हवं. शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी स्पॅनिश आणि मुलांची संस्कृती शिकून घ्यावी.

पाठ्यपुस्तकं बदला. या देशाच्या घडणीत मेक्सिकन लोकांचा वाटा काय आणि त्यांच्यावर अन्याय काय झाला, दोन्ही येऊ द्या.

ज्या शाळांत बहुसंख्य मुलं मेक्सिकन वंशाची, तिथे मुख्याध्यापक आणि अधिकारी त्याच समाजाचे हवेत. तयार माणसं नसतील तर प्रशिक्षण द्या.

प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात किती मुलं नापास होतात, हे लोकांना कळू द्या. ज्याच्या वर्गातून गळती जास्त, त्याच्या कामाची तपासणी करा.

वर्गातली मुलांची संख्या कमी करा.

ग्रंथालयं वाढवा, स्पॅनिश पुस्तकं ठेवा.

स्वच्छतागृहं उघडी ठेवा.

सफाई हे सफाईसाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यांचं काम आहे, मुलांना शिक्षा म्हणून झाडायला लावू नका.

उघड्यावर जेवायला बसवता, तिथे छप्पर घाला. जेवणात आमचे पदार्थ असू द्या, आणि आमच्या आयांना स्वयंपाकावर देखरेख करू द्या.

या भागात नव्या शाळा बांधा. गारफिल्ड आणि रुझवेल्ट शाळांच्या सुधारणेचे आराखडे पडून आहेत, ते ताबडतोब अमलात आणा.

वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? यात क्रांतीबिंती काही नाही. संडासाचं कुलूप आहे, जेवणाच्या जागेवरचं छप्पर आहे, आयांच्या हाताची चव आहे. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच कागदावर, इतिहास कोण लिहिणार आणि शाळा कोण चालवणार हे प्रश्न आहेत. मोठ्या माणसांनी यादी केली असती तर वर 'प्रमुख मागण्या' आणि खाली 'इतर' असं केलं असतं. त्या मुलांना दोन्ही एकच वाटत होतं. तुमची भाषा मार खाण्याजोगी आणि तुम्ही स्वच्छतागृहात सोडण्याजोगेही नाही, हे सांगणारा आवाज एकच होता ना.

बोर्डाने काय केलं? मार्चच्या अखेरीस बैठका झाल्या. बऱ्याच मागण्यांशी बोर्ड तत्त्वतः सहमत होतं, पण पैसे नव्हते. 'तत्त्वतः मान्य' या शब्दांचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर अटका झाल्या. जूनच्या सुरुवातीला साल कॅस्ट्रो आणि इतर बारा जणांना पकडलं. 'ईस्ट एलए थर्टीन' म्हणून ते ओळखले जातात. यातली कायद्याची गंमत बघा. शाळेच्या कामात अडथळा आणणं हा किरकोळ गुन्हा. पण असा अडथळा आणायचा 'कट' करणं हा गंभीर गुन्हा. म्हणजे केलं तर थोडी शिक्षा, ठरवलं तर आयुष्य तुरुंगात जाईल इतकी वर्षं. त्या तेरा जणांत कॉलेजचे विद्यार्थी होते आणि 'ला रासा' या चळवळीच्या वृत्तपत्राचे संपादकही. हे पत्र एका चर्चच्या तळघरातून निघायचं. मोठ्या वर्तमानपत्रांना गोंधळ दिसत होता, या तळघरातल्या पत्राला शाळा दिसत होती. संपादकांना आरोपी का केलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

कॅस्ट्रोंना शिकवण्यापासून दूर ठेवलं. मग पालक आणि कार्यकर्ते बोर्डाच्या सभागृहात जाऊन बसले. रात्री तिथेच झोपले, तिथेच खाल्लं. आठवड्याभरानंतर पस्तीस जणांना अटक झाली, पण ऑक्टोबरमध्ये कॅस्ट्रो वर्गात परतले. १९७० मध्ये अपील कोर्टाने कटाचे आरोप मोडीत काढले. कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्य. पुढे त्यांच्या बदल्या झाल्या, त्रास झाला, पण निवृत्त होईपर्यंत ते शिक्षकच राहिले. २०१३ मध्ये गेले. त्याआधी २०१० मध्ये त्यांच्या नावाची शाळा त्यांनी डोळ्यांनी बघितली.

त्याच वर्षांतलं आणखी एक नाव मला सांगायलाच हवं, माझ्या धंद्यातलं म्हणून. रुबेन सालाझार. लॉस एंजेलिस टाइम्सचा पत्रकार. व्हिएतनाम आणि मेक्सिकोमधून बातमीदारी करून परतला आणि चिकानोंना काय हवंय हे मोठ्या पेपरात, वाचकाला समजेल अशा भाषेत लिहू लागला. १९७० च्या २९ ऑगस्टला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानोंचा मोठा मोर्चा निघाला. तो कव्हर करताना सालाझार एका कॅफेत बसला असता शेरिफच्या माणसाने आत झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून गेला. कुणावरही खटला चालला नाही. 'विविध मागण्यांसाठी' असं लिहून मोकळं न होणारा माणूस होता.

मग त्या यादीचं काय झालं? मला वाटतं, स्मृतिदिनाच्या व्यासपीठावर एवढाच प्रश्न विचारायला हवा.

काही झालं. विद्यापीठांत चिकानो अभ्यासाचे विभाग सुरू झाले, कॉलेजात जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली, शिक्षक आणि मुख्याध्यापक त्या समाजातून आले. त्या आंदोलनात कॉलेज विद्यार्थिनी म्हणून असलेल्या विकी कॅस्ट्रो १९९३ मध्ये त्याच शाळा बोर्डावर निवडून आल्या. तेरा आरोपींपैकी कार्लोस मुन्योझ प्राध्यापक झाले. मोक्तेसुमा एस्पार्झा चित्रपटनिर्माते झाले, 'वॉकआउट' त्यांनीच काढला.

काही झालेलं पुसलंही गेलं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधनं घातली. ती उठायला २०१६ उजाडलं, तेही पुन्हा मतदान होऊन. शेजारच्या ॲरिझोना राज्याने २०१० मध्ये केलेल्या कायद्याने टुसान शहरातल्या शाळांचे मेक्सिकन अमेरिकन अभ्यासाचे वर्ग बंद पाडले, वर्गांमधून पुस्तकं उचलून नेली. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं की यामागे वांशिक आकस होता. म्हणजे सात वर्षं गेली. सात वर्षांत एक पिढी शाळेतून बाहेर पडते.

२०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की हायस्कूल पूर्ण करायला वांशिक समूहांच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रम सक्तीचा. टाळ्या वाजल्या. कायद्यात एक अट होती, अंमलबजावणी निधीची तरतूद झाली तरच. १९६८ च्या बोर्डाचं उत्तर आठवतंय ना? तत्त्वतः मान्य.

आणि रुझवेल्ट शाळेची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय वारसा संस्थेने या वॉकआउटच्या शाळांना धोक्यात आलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घातलं. कारण आधुनिकीकरणासाठी रुझवेल्टची जुनी मुख्य इमारत पाडायचं ठरलं होतं, जिथून मुलं बाहेर पडली तीच. माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला, तरी ती पडली. मला त्यांचं दुःख कळतं. पण त्याच शाळेच्या सुधारणेचा आराखडा ताबडतोब अमलात आणा, ही १९६८ च्या यादीतली मागणी होती, हेही विसरता येत नाही. इमारत टिकावी की मागणी पुरी व्हावी, असा पेच पन्नास वर्षांनी पडावा, याचं कारण 'ताबडतोब' या शब्दाला पन्नास वर्षं लागली.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आंदोलनाची आठवण काढायची तर घोषणा आणि फोटो नंतर, आधी यादी काढा. मोठ्याने वाचा. एकेका मागणीपुढे झालं, अर्धं झालं, झालं नाही, असं लिहा. बरोबर मुलं असली तर त्यांनाच लिहू द्या, शाळेत रोज तीच जातात. हे केलं नाही तर स्मृतिदिन सगळ्यांना सोयीचा होतो. ज्यांनी तेव्हा पैसे नाहीत म्हटलं, त्यांचे वारसही हार घालू शकतात आणि कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. हाराला विरोध नाही, पण हार घालणाऱ्याच्या हातात यादीची एक प्रत द्यायला काय हरकत आहे?

तिथली मुलं अजून बाहेर पडतात. २००६ मध्ये स्थलांतरितांविरुद्धच्या विधेयकाच्या वेळी लॉस एंजेलिसमध्ये हजारोंनी शाळा सोडून मोर्चे काढले. २०२५ च्या फेब्रुवारीतही काढले. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, यांना काय कळतं? १९६८ ची यादी वाचल्यावर मला तरी हा प्रश्न विचारायची हिंमत होत नाही. नापासांचा हिशेब शिक्षकाकडेही मागा, हे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या चळवळीतून आलं होतं. आपल्या किती शिक्षणतज्ज्ञांना सुचलंय?

बाकी, माझ्यापुरतं एक ठरवलंय. पुढचा मोर्चा तहसीलवर येईल तेव्हा आधी निवेदनाची प्रत मागून घेणार. मागण्या पहिल्या परिच्छेदात, वाहतूक शेवटच्या. नावं राहिली आणि संध्याकाळी फोन आले, तर येऊ देत.

तुमच्या गावात विद्यार्थ्यांच्या एखाद्या जुन्या आंदोलनाचं निवेदन कुणाकडे जपलेलं असेल, तर खाली कॉमेंटमध्ये टाका. बघू त्यातलं काय झालं ते.